शिंदीचं पान आणि तिचा उजवा डोळा

कोवळं ऊन मागच्या व्हरांड्यात उतरलं, की चामड्याच्या पट्ट्यावर वस्तरा घासल्याचा सप्‌-सप्‌ आवाज सुरू व्हायचा. हिवाळ्याच्या सकाळी तो आवाज अजूनही माझ्या कानांत माझ्याआधी जागा होतो. वस्तरा न्हाव्याचा, पट्टा न्हाव्याचा आणि हात मात्र माझ्या बायकोचा. सावळा, निमुळता, मनगटाशी हिरव्या काचेची एकच बांगडी असलेला. उजव्या हातात वस्तरा, डाव्या हातात उभं चिरलेलं गाजर आणि त्या चिरेत घट्ट धरून ठेवलेलं शिंदीच्या पानाचं एक पातं. तिच्या त्या संथ, लयबद्ध हालचालीतून पाण्याच्या बशीत अशा पारदर्शक चकत्या उतरत, की आपल्या फुंकरीनंही त्या उडू नयेत म्हणून ती श्वास रोखून धरी. माझ्यासाठी तिनं कधी श्वास रोखून धरल्याचं मला आठवत नाही.

सुजाता परभणीच्या एका महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवायची आणि मी तिथंच मराठी. मागच्या उन्हाळ्यात ती गेली. गेलेल्या माणसाविषयी गोड बोलावं अशी आपल्याकडे रीत आहे आणि तीही मी पाळीन, पण आधी माझा जळफळाट ऐकून घ्या. मी एका झाडावर जन्मभर जळलो. माणसावर जळणं सोपं असतं. त्याच्यात खोट काढता येते, चारचौघांत त्याचं नाव निघालं की नाक मुरडता येतं. ओढ्याकाठी कुणी न लावता उगवणाऱ्या, अंगभर काट्यांनी भरलेल्या, जिच्या पात्यांचे फडे घरोघरी अंगण झाडतात अशा शिंदीवर माणसानं कसं जळावं? मी जळलो. तिचं रूप नव्हे, तिचं पान मला सलत होतं, कारण सुजाता त्या पानाकडे जसं पाहायची तसं तिनं मला कधी पाहिलं का, एवढा एकच प्रश्न मी संसारभर उरात घेऊन फिरलो.

तिचं पाहणंच विलक्षण होतं. सूक्ष्मदर्शक जुना, एकाच नळीचा, मागे कललेला. त्या नळीला ती डावा डोळा लावायची आणि उजवा उघडाच ठेवायची. नवशिकी पोरं एक डोळा मिटून बघतात आणि घटकाभरात थकतात. मुरलेलं माणूस दोन्ही डोळे उघडे ठेवून एकानंच बघतं, असं ती वर्गात सांगायची. लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात मी चहा घेऊन तिच्यासमोर गेलो, तर तिचा तो उजवा डोळा टपोर, स्थिर, सकाळच्या उन्हानं मधाळ झालेला, थेट माझ्यावर रोखलेला. मी हरखलो. केसांवरून हात फिरवला, हसलो, दोन शब्द बोललोही. डोळा हलला नाही, पापणी लवली नाही. मग डाव्या डोळ्याच्या बाजूनं ती पुटपुटली, ‘काय सुंदर दोऱ्या आहेत!’ माझ्या अंगाचा तिळपापड झाला, चहा मी स्वतःच पिऊन टाकला.

पुढं तर तिनं मला त्या जागी रोजचंच बसवून ठेवलं. टेबलाच्या पलीकडे एक बुटकं स्टूल होतं, त्यावर बसलं की माझं तोंड जेमतेम टेबलाच्या कडेच्या वर यायचं. मराठीचा प्राध्यापक, हातात वर्तमानपत्र, आणि बसायला असं आसन! मी उंच खुर्ची आणली तर तिनं ती मुकाट्यानं उचलून आत नेली. उन्हाची तिरीप अडू नये म्हणून जरा उजवीकडे सरकायला लावायची, मध्येच उठलो तर ‘बसा की जरा, कुठं चाललात?’ म्हणायची, आणि बसलो की पुन्हा तासभर एक शब्द नाही. मी समजून चुकलो की वारं अडवायला घरात एखादं फळकूट लागतं, ते मी आहे. आडोसा म्हणून मी बरा होतो. फळकूट रुसत नाही, पण मी रुसायचो.

काय होतं त्या पानात? विचारलं की तिचा आवाज बदलायचा. एरवीचा तिचा आवाज कोरडा, कामापुरता, परभणीच्या मे महिन्यासारखा. पानाविषयी बोलायला लागली की त्यात कुठूनशी ओल यायची. ती सांगायची, की लिंबाचं किंवा चिंचेचं पान घ्या, त्याची पानोळी, म्हणजे छोटी छोटी पानं, मुळातच वेगवेगळी जन्माला येतात. ताडामाडांचं तसं नाही. त्यांचं पान गाभ्यात एकच असतं, अखंड, नेसायच्या साडीच्या निऱ्यांसारखं घड्या घालून ठेवलेलं. आणि मग वाढता वाढता ते घडीवर फाटतं आणि एकाचं अनेक होतं. शिंदी वरच्या घडीवर फाटते म्हणून तिचं प्रत्येक पातं पन्हळीसारखं, नारळ खालच्या घडीवर फाटतो म्हणून त्याचं पातं छपरासारखं. हे कूळ ओल्या, सावलीच्या अरण्यांतलं. त्यातली शिंदी आपल्या या रखरखीत मुलखात आली तेव्हा तिनं कातडी जाड केली, कातडीखाली दोऱ्यांच्या जुड्या भरल्या, दोऱ्यांच्या कडेनं वाळूचे कण रचले. युगानुयुगांचा तो प्रवास तिला एका चकतीत दिसायचा. ‘वस्तऱ्याची धार खाते ही,’ असं ती कौतुकानं म्हणायची. माझी धार खाल्ली तिनं, त्याचं कुणाला कौतुक नव्हतं.

एकदा पाथरीला तिच्या मावसबहिणीचं लग्न होतं. आम्ही एसटीत शेजारी बसलेलो, तिनं मोरपंखी साडी नेसलेली, केसांत अबोलीचा गजरा, आणि मी मनात म्हणत होतो की आज तरी ही माझी. वाटेत एका फाट्यावर गाडी थांबली. खिडकीतून तिला ओढ्याच्या काठावर शिंदीचा एक पुंजका दिसला. त्यातल्या एका झाडाखाली बी पडून उगवलेली रोपं होती. शिंदीच्या रोपट्याची पहिली पानं अखंड असतात, फाटलेली नसतात. जणू सगळ्या कुळाचं बालपण तेवढ्या पट्टीत राहून गेलेलं असतं, असं ती म्हणायची. ‘आलेच’ म्हणून ती उतरली. कंडक्टरनं घंटी मारली. आहेराची पिशवी मांडीवर घेऊन मी एकटाच पाथरीला पोचलो. मांडवात जो तो विचारी, मॅडम कुठंयत? काय सांगू? लोक शिंदी पिऊन घरदार विसरतात, माझी बायको शिंदी बघून विसरायची. ती दुपारी एका जीपमधून आली, चप्पल चिखलानं भरलेली, गजरा सुकलेला आणि चेहऱ्यावर असं तेज की नवरी मुलगी तिच्यापुढे फिकी पडली. ते तेज माझ्यामुळे नव्हतं, म्हणून मी जेवताना तिच्याशी बोललो नाही.

घरातही शिंदी होतीच. कोशिंबिरीच्या गाजरांना उभ्या चिरा असत. शाईचे डाग असावेत तसे तिच्या बोटांच्या टोकांना लाल रंगाचे डाग असत, कारण चकत्या रंगवायचा तो रंग धुतला तरी निघत नसे. त्या लाल बोटांनी ती पोळ्या लाटायची आणि मी मुकाट खायचो. मुलं नव्हती आम्हाला. त्याचं दुःख तिनं कधी बोलून दाखवलं नाही, मीही नाही. पण संध्याकाळी दिवेलागणीच्या वेळी ती दाराशी उभी राहून दूरवर बघत असायची, पाठीमागून येणाऱ्या उजेडात तिच्या मानेवरची लव सोन्यासारखी दिसायची, आणि मला वाटायचं, जवळ जावं. जवळ गेलो तर विचारायची, ‘तुम्हाला काय वाटतं, आधी पंखा की आधी पीस?’ म्हणजे ताडासारखं पंख्याचं पान आधीचं, की शिंदीसारखं पिसाचं. मी म्हणायचो, आधी जेवण. ती हसायची. तेवढं हसणं मात्र निखळ माझं होतं.

एका गोष्टीत मी तिला मानलं. तिला जन्मभर गाभ्याचा ध्यास होता. शेंड्याच्या पोटातलं अगदी कोवळं, पांढुरकं पान, जिथं अखंड घडी पहिल्यांदा फाटू लागते, ती जागा तिला बघायची होती. पण शिंदीचा गाभा काढला की ते झाड मरतं. ताडकळसला तिच्या माहेरच्या नाल्यात शिंदीच शिंदी, धाकटा भाऊ मिलिंद नुसत्या शब्दासरशी दहा शेंडे आणून टाकणारा, तरी तिनं कधी मागितला नाही. दुसऱ्यांनी काढलेल्या आकृत्यांवर ती भागवायची. माझ्यासाठी तिनं काय काय सोडलं हे मला सांगता येणार नाही. शिंदीसाठी तिनं शिंदीच सोडली, हे मला दिसत होतं, आणि असलं प्रेम आपल्या वाट्याला का नाही म्हणून मी पुन्हा जळत होतो.

निवृत्तीनंतर तिचा डावा डोळा जायला लागला. नांदेडच्या डॉक्टरांनी पडद्याचा आजार सांगितला, औषधं दिली, सुया दिल्या आणि शेवटी हात टेकले. मधोमध धुराचा ठिपका असावा तसं दिसायचं तिला, आणि ठिपका वाढत होता. मी म्हणालो, उजवा डोळा आहे ना ठणठणीत. पण त्या डोळ्यानं नळीत कधी बघितलंच नव्हतं. नळीला लावला की त्यातून घळाघळा पाणी यायचं, नजर ठरायची नाही, डाव्या बाजूचा अंधार मध्ये मध्ये यायचा. हट्टी पोरासारखा तो डोळा आपली जागा सोडेना. तिनं वस्तऱ्याला तेल लावलं, फडक्यात गुंडाळला आणि सूक्ष्मदर्शकावर उशीचा अभ्रा घातला. सकाळी व्हरांड्यात शांतता असायची. ज्या शांततेची मी इतकी वर्षं वाट पाहिली होती ती आली तेव्हा मला करमेना.

आणि मग थंडीच्या दिवसांत मिलिंद मोटारसायकलवर पाठीमागं पोतं बांधून आला. दारातच म्हणाला, ‘दाजी, नाला खोल करायलेत. मशीन लागलंय. शिंदी लय जुनी व्हती, न्हाई ठेवली एकबी. अक्कासाठी शेंडा आणलाय.’ सवत मेली, असा विचार माझ्या मनात चमकून गेला, खोटं कशाला सांगू? पण सुजातानं पोत्याचं तोंड सोडलं, काट्यांना न जुमानता आत हात घातला आणि त्या शेंड्यावर हात ठेवून ती जमिनीवर तशीच बसून राहिली. मग म्हणाली, ‘आता हा मेलाच आहे. आता बघता येईल.’ मिलिंदनं कोयत्यानं एकेक काटेरी देठ उतरवला, आतून आतून पिवळट, मग हस्तिदंती, मग दुधासारखं पांढरं असं ते पान निघालं, करंगळीएवढं. सारा व्हरांडा काकडीसारख्या कोवळ्या वासानं भरला.

चकत्या तिनंच कापल्या. हाताला डोळ्यांची गरज नव्हती, वस्तरा आपली वाट जाणत होता. तिनं एक चकती काचेवर घेतली, रंगवली, वर पातळ काच ठेवली, अभ्रा काढला आणि नळीला डावा डोळा लावला. मग उजवा लावला. मग दोन्ही मिटून घेतले. पोरीसारखी रडली ती, आवाज न करता. जन्मभर वाट पाहिलेलं पान बोटभर अंतरावर, आणि दिसेना. मी नेहमीप्रमाणे बुटक्या स्टुलाकडे निघालो. तिनं माझी बाही धरली आणि मला आपल्या खुर्चीत बसवलं.

‘तुम्ही बघा,’ ती म्हणाली, ‘आणि मला सांगा.’

ती स्वतः पलीकडे जाऊन त्या बुटक्या स्टुलावर बसली, मांडीवर पाटी आणि कागद घेऊन. मी आयुष्यात त्या नळीत डोकावलो नव्हतो, सवतीच्या घरात कोण डोकावतं? मी डावा डोळा लावला आणि उजवा तळहातानं झाकला. आधी माझ्याच पापण्या दिसल्या, मग एक पांढरा चंद्र, चंद्रात काहीतरी लाल गोंधळ. ‘काय करायलात? डोळा झाकू नका,’ ती म्हणाली, ‘उघडा ठेवा. समोर ठेवा. त्याला बसू द्या जरा.’ मी हात काढला. दोन्ही डोळ्यांची आधी भांडणं झाली. मग हळूहळू, पाण्यातला गढूळपणा खाली बसावा तसं सगळं निवळलं, आणि डाव्या डोळ्यात नागमोडी घड्यांची एक ओळ उभी राहिली, वर खाली, वर खाली, प्रत्येक घडीच्या पोटात लालसर दोऱ्यांचे ठिपके. आणि त्याच घड्यांच्या मधोमध, त्या ठिपक्यांमधून, अगदी स्पष्ट, सुजाताचा चेहरा.

मी दचकून मान वर केली. ती समोर बसलेली होती, तशीच. पुन्हा डोळा लावला. पुन्हा पान आणि पानात ती. उजव्या डोळ्यानं पाहिलेलं आणि डाव्या डोळ्यानं पाहिलेलं, दोन्ही एकमेकांवर बसत होतं. तिच्या कपाळावरून घडी गेली होती, गालात दोऱ्यांच्या जुड्या होत्या. मी हललो की पान हलत नव्हतं, ती हलली की पानात ती हलत होती. इतक्या वर्षांच्या सकाळी, चहाचे कप, वर्तमानपत्रं, बुटकं स्टूल, सगळं एकदम आठवलं.

‘तुलाही असंच दिसायचं?’ मी विचारलं.

‘कसं?’

‘म्हणजे मी. पानात.’

‘अहो, मग तुम्हाला तिथं बसवत कशाला होते?’ ती म्हणाली. जगातली सगळ्यात साधी गोष्ट सांगावी तसं. ‘उजव्या डोळ्याला काहीतरी लागतं टेकायला. भिंतीवर तो टिकत नाही, भटकतो. तुमच्यावर टिकायचा.’

मी चिडलो. खरोखर चिडलो, आवाज चढला माझा. एवढी वर्षं मी फळकूट म्हणून बसलो, कुढलो, रुसलो, आणि हे मला एका शब्दानं सांगावंसं वाटलं नाही? ती गोंधळली. तिची धूर भरलेली आणि न भरलेली, दोन्ही बुबुळं माझ्याकडे वळली.

‘मला वाटायचं,’ ती म्हणाली, ‘तुम्हाला दिसतंय, मी बघायलेय म्हणून.’

मग ती म्हणाली, आता सांगा, डावीकडून तिसऱ्या घडीच्या टोकाला काय आहे? मी बघितलं. घडीच्या वरच्या टोकाशी आतून एक बारीक फट पडत होती, पण वरची कातडी अजून तुटली नव्हती. पापुद्र्याएवढी ती, दोन्ही बाजूंना धरून होती. मला जे शब्द येतात ते मी वापरले, मराठीचे, शास्त्राचे नव्हे. शिवण उसवतेय पण शेवटचा टाका धरून आहे, असं काहीतरी बोललो. तिची पेन्सिल कागदावर फिरत होती. मग थांबली. ‘तेच,’ ती म्हणाली, आणि डोळे मिटून चेहरा उन्हाकडे केला. त्या उन्हात तिच्या चेहऱ्यावर पाथरीच्या मांडवातलं ते तेज मी पुन्हा पाहिलं. या खेपेला जेवताना मी तिच्याशी बोललो.

उरलेली थंडी आम्ही तशीच घालवली. ती कापायची, मी बघायचो, ती समोर बसायची. माझं वर्णन फसलं की ती हसायची. एकदा मी घडी छपरासारखी आहे म्हणालो तेव्हा, ‘उलटं दिसतं ते, माझ्या शिंदीचा नारळ केलात,’ म्हणून तिनं दिवसभर छळलं. पाती पन्हळ असली तरी नळीत सगळं उलटं दिसतं, हे मी विसरायचो. मी तिच्याकडे इतकं कधीच पाहिलं नव्हतं. पान बघायच्या निमित्तानं कानशिलाजवळची रुपेरी बट बघितली, बोलायच्या आधी खालचा ओठ आत घ्यायची तिची सवय बघितली. उन्हाळा चढला, कपाशीच्या काळ्या रानांतून झळा निघू लागल्या, आणि एका दुपारी तिच्या हृदयानं तिला न विचारताच काम थांबवलं. मिलिंद आला, सगळे आले. ताडकळसच्या नाल्याकाठी तेव्हा शिंदीच्या जागी उकरलेली माती होती नुसती.

मत्सर अजून गेलेला नाही. पानाचा आता नाही. मला तिच्या उजव्या डोळ्याचा हेवा वाटतो, की त्यानं इतकी वर्षं रोज तासन्‌तास एक माणूस बघितलं आणि ते बघणं पुरेसं आहे असं मानलं. आणि मला समोर बसून, दोन्ही डोळे शाबूत असून, ते कळलं नाही. या हिवाळ्यात मी अभ्रा काढला. तिनं रंगवून ठेवलेली एक काच नळीखाली सरकवली, ऊन आरशात धरलं, डावा डोळा लावला आणि उजवा उघडा ठेवला. घड्या तशाच आहेत, उसवू लागलेली शिवणही तशीच, शेवटचा टाका अजून धरून ठेवलेली. पलीकडे बुटकं स्टूल आहे, आणि स्टुलाच्या वर, जिथं चेहरा यायचा तिथं, भिंत आहे. काळ माणसाला नेतो, त्याची जागा मात्र मागे ठेवतो. भिंतीवर डोळा टिकत नाही, असं ती म्हणाली होती, माझा टिकतो.